मामांची सुतळी

अख्ख्या ठाणे जिल्ह्यात माणसाला तोंडावरून न ओळखता पोटाच्या घेरावरून ओळखणारा एकच गृहस्थ होऊन गेला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. मामांची सगळी नोकरी सरकारी मोजणी खात्यात गेली. शेतं, बांध, गावठाणं, नदीकाठच्या मळ्या, जे जे म्हणून जमिनीवर पसरलेलं होतं ते ते त्यांनी साखळी ओढत मोजलं. पेन्शनीत निघाल्यावर मोजायला जमीन उरली नाही, म्हणून ते माणसं मोजायला लागले. कोटाच्या उजव्या खिशात सुतळीचं भेंडोळं कायम असायचं. फणस दिसला की मोज, देवळाचा खांब दिसला की मोज. लग्नाच्या पंगतीत शेजारच्या अनोळखी माणसाला ते मोठ्या अदबीनं म्हणायचे, "जरा दोन्ही हात वर करता का?" तो बिचारा बावचळून हात वर करायचा, तोवर त्याच्या पोटाभोवती सुतळी फिरलेली असायची. मग आकडा ऐकवायचे. एवढंच नाही, वर सल्लाही द्यायचे. पुढ्यातली जिलबी खावी की परत करावी, अशा संकटात त्या माणसाला टाकून मामा स्वतः शांतपणे ताक प्यायचे.

मला त्यांनी पहिल्यांदा मोजलं ते माझं लग्न ठरताना. बदलापूरच्या त्यांच्या घरीच बैठक होती. मुलीला आईवडील नव्हते, मामांनीच तिला वाढवलेली. पत्रिका, मानपान, सगळं बोलून झालं आणि मामा उठले. माझ्या वडिलांच्या देखत त्यांनी माझ्या छातीला आणि मग पोटाला सुतळी लावली, ती पट्टीवर धरली आणि म्हणाले, "छाती चौतीस, पोट अडतीस. जमीन चांगली आहे हो, फक्त चढ नको तिथे आलाय." माझ्या वडिलांना राग यावा की हसू, कळेना. आत मुलगी खुदकन हसली आणि तिथेच लग्न ठरलं, असं माझं आजवरचं मत आहे. त्या दिवसापासून मामा मला 'जावईबापू' म्हणू लागले. वयानं माझ्या बापासारखे, पण मला कधी अरेतुरे केलं नाही. आमच्याकडे मुलीच्या बाजूचा माणूस जावयापुढे कसा नमून वागतो, हे काय सांगायला हवं? मामांनी तर ते व्रतच घेतलं होतं. रागवायचे तेसुद्धा 'आपण' म्हणून.

मामांबद्दल असं हसत हसत बोलत राहायला मला फार आवडतं. पाहुणे जमले की मी हेच किस्से सांगतो. पण एका ठिकाणी आलो की माझी जीभ अडखळते, मी पाणी पितो आणि विषय बदलतो. माझी बायको तेव्हा तिथून उठून जाते. आज पाणी प्यायचं नाही आणि विषयही बदलायचा नाही, असं ठरवून बसलोय.

तर त्या काळात मी अंबरनाथला एका कारखान्यात टाइमकीपरच्या हाताखाली कारकून होतो. निर्वासित लोक कल्याण कॅम्पात येऊन तीन-चार वर्षं झाली होती, त्या कॅम्पाचं उल्हासनगर झालं होतं, आणि धान्य अजून रेशनवर मिळत होतं. रेशनच्या दिवसांत लठ्ठ असणं म्हणजे चोरीचा माल अंगावर मिरवत फिरण्यासारखं. रेशनच्या रांगेत उभा राहिलो की मागची बाई पुढचीला सांगायची, "यांना कशाला गं हवं?" कारखान्यात तर माझ्या पोटाला टोपणनाव होतं, ते इथे सांगत नाही. मी उपास सुरू केले. सोमवार, गुरुवार, एकादशी, चतुर्थी. पण आमचा उपास म्हणजे काय हो? साबुदाण्याची खिचडी, वर रताळ्याच्या फोडी आणि दाण्याचे लाडू. तीन महिन्यांत पँटचं बटण तुटलं. मग चिडून खरंच सगळं खाणंच सोडलं, आणि चौथ्या दिवशी हजेरीच्या मस्टरवर डोकं टेकून भर कचेरीत झोपी गेलो. हेडक्लार्कनं पाण्याचा हबका मारून उठवलं.

हे बायकोनं मामांना कळवलं असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडता उजाडता दारावर थाप पडली. बाहेर मामा. बदलापूरहून रुळांच्या कडेकडेनं चिखलोलीवरून चालत आलेले. अंगात कोट, खाली अर्धी चड्डी, पायांत वहाणा, आणि दोन्ही हातांत पाण्यानं काठोकाठ भरलेल्या दोन कळशा. ही त्यांची चालण्याची तऱ्हाच होती. रिकाम्या हातानं चालणं म्हणजे रस्ता फुकट घालवणं, असं ते म्हणत. चिखलोलीच्या विहिरीवरच्या बायका त्यांची वाटच बघत असायच्या. "मामा आलं गो! मामा, माजा हंडा तेवरा घरपावत न्या ना!" मामा कळशा खाली ठेवायचे, तिचा हंडा एका हातानं उचलून तिच्या दाराशी पोचवायचे, आणि परत येऊन आपल्या कळशा उचलून पुढे निघायचे. माणूस अंगानं दिसायला किरकोळ. साठीला आलेला. पण सदरा काढला की दंड असे, की बघणाऱ्यानं आपली बाही खाली ओढून घ्यावी.

ओट्यावर बसून मामांनी मला त्यांचा सिद्धान्त सांगितला. तो मला अजून शब्दन् शब्द पाठ आहे. "जावईबापू, आपल्या पोटावर आहे ती पेंढ्याची गंज. वर्षानुवर्षं रचलेली. आपण काय करता, गंज कमी व्हावी म्हणून उपास करता. उपासानं गंज हलत नाही, आधी गोठ्यातला बैल मरतो. बैल म्हणजे मांस. दंडाचं, मांडीचं, पाठीचं. बैल मेला की पेंढा खाणार कोण? म्हणून आपण दर उपासानंतर आणखी फुगता. त्यापेक्षा बैल पोसावा. गोठ्यात चांगला बैल बांधला की तो दिवसा खातो, आपण झोपलात तरी खातो, कचेरीत बसलात तरी बसल्या जागी रवंथ करतो. गंज आपोआप खाली येते. बैल कसा पोसायचा, तर जोर, बैठका, मुद्गल, आणि पोटभर मोडाची उसळ."

"मग वजन उतरेल ना, मामा?" मी विचारलं.

"वजन? वजनाकडे बघायचंच नाही! गोठ्यात बैल आला तर गोठ्याचा भार वाढणार की घटणार? आपण गंजीचा घेर बघावा." असं म्हणून त्यांनी सुतळी काढली.

अहो, आता मोठमोठे डॉक्टर हेच सांगतात म्हणे. तेव्हा मात्र हे सांगणारा माणूस अर्ध्या चड्डीत हिंडत होता, म्हणून कुणी ऐकत नव्हतं.

मामांना सुतळीखालोखाल एकाच गोष्टीचा ध्यास होता, तो म्हणजे तालीम. मामी लवकर गेल्या, भाची माझ्या घरी आली, बदलापूरच्या घरात बोलायला माणूस नाही. चार लोक येतील, घाम गाळतील, एकमेकांचे दंड दाबून बघतील, अशी एक तालीम असावी, एवढंच त्यांना हवं होतं. जागा मिळत नव्हती. आमच्या कारखान्याच्या आवारात एक पत्र्याची शेड रिकामी पडली होती. मामांनी ती बघितली, अर्थातच मोजली, आणि थेट मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन उभे राहिले. कामगारांसाठी तालीम काढतो, पगार नको, फक्त शेड द्या, म्हणाले. साहेब गमत्या माणूस. त्यांनी बैल आणि गंज ऐकून घेतली, हसले आणि म्हणाले, "ऑल राइट, मामा. एक जाडा माणूस तीन महिन्यांत बारीक करून दाखवा. शेड तुमची." मामांनी खिडकीतून बाहेर बोट दाखवलं. बाहेर मी जात होतो.

साहेबांनी गोदामातल्या मालाच्या काट्यावर मला उभं केलं. एकशे ब्याऐंशी पौंड. मामा म्हणाले, "साहेब, काटा खोटं बोलत नाही, पण अर्धंच बोलतो. सुतळीचंही माप घ्या." साहेबांनी मान्य केलं. माझ्या पोटाभोवती सुतळी फिरवून, टोक जिथे पोचलं तिथे मामांनी खुणेची गाठ मारली, आणि मापात पुढे हातचलाखी झाली असं कुणी म्हणू नये, म्हणून पार्सलांवर लावतात ती तांबडी लाख त्या गाठीवर ओतून तिच्यावर कारखान्याचा शिक्का उमटवला. मग ती सुतळी मामांनी माझ्या हातात दिली. "मोजणीची नक्कल जमिनीच्या मालकाकडे राहते. आपलं माप आपल्याकडे." किती सरळ माणूस! ज्याच्यावर सगळं अवलंबून, त्याच्याच हातात दिलं.

त्यानंतरचे तीन महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात कष्टाचे, आणि आता वाटतं, सगळ्यात चांगले. रोज पहाटे दारावर थाप. "जावईबापू, सूर्य उगवतोय, आपणही उगवावं ही विनंती." वालधुनी नदीच्या काठच्या मोकळ्या माळावर आम्ही जायचो. पहिल्या दिवशी चार बैठकांत मी आडवा झालो. तिथे चरणाऱ्या म्हशी थांबून बघू लागल्या. मामा शेजारी उकिडवे बसून म्हणाले, "उत्तम. आता पाचवी घालावी." दमलो म्हटलं की त्यांची अदब आणखी वाढायची. "आपल्याला त्रास होतोय हे दिसतंय. तरी अजून दोन घालाव्यात, ही विनंती." एकदा मी संतापून ओरडलो, "मामा, एकदाच काय ती शिवी द्या, पण विनंती करू नका!" मामा दचकले. "छे छे! जावयाला शिवी?" असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर एक धोंडा ठेवला आणि म्हणाले, "आता जोर काढावेत."

मुद्गल उल्हासनगरच्या दोन नंबर कॅम्पातून आले. तिथे एक सिंधी सुतार होता. सिंधमध्ये त्याची स्वतःची कुस्तीची जागा होती, इकडे बरॅकीत राहून खाटांचे पाय तासायचा. मामांची आणि त्याची ओळख कशी झाली, तर मामांनी बाजारात त्याचा दंड मोजला होता. मामांना तोडकंमोडकं हिंदी यायचं, त्याला मराठी अजिबात नाही, पण दोघं तासन् तास बोलायचे. बोलणं एकच. शेड मिळाली की कुस्तीच्या हौद्याला माती कुठली आणायची, तेल कुठलं घालायचं. "साईं, पहली जोडी मुफ्त," असं म्हणून त्यानं बाभळीच्या लाकडाचे मुद्गल करून दिले. मी ते फिरवू लागलो तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, माझं कौतुक. नंतर कळलं, सिंध सोडल्यापासून त्यानं मुद्गल फिरताना पाहिला नव्हता.

आणि काय सांगू, बैल खरंच गोठ्यात आला हो! दुसऱ्या महिन्यात जिना चढताना धाप लागेना. झोप दगडासारखी. पँट खाली घसरू लागली. पट्ट्याला शेवटचं भोक होतं तेही पुरेना, म्हणून मी खिळा घेऊन दगडानं ठोकून एक नवीन भोक पाडलं. पंधरा दिवसांनी दुसरं. भोकं वाकडीतिकडी पडली, पण मला सोन्याचं पदक मिळाल्याचा आनंद झाला. बायकोनं पँट कमरेत दोन बोटं आत घेतली, आणि शिवताना मान वर न करता म्हणाली, "मामांना शेड मिळेल ना हो?" मी म्हटलं, "मिळेल म्हणजे? मिळालीच!" गुपचूप आतून कडी लावून मी सुतळी पोटाला लावून पाहायचो. लाखेच्या गाठीपासून माझं पोट चांगलं चार बोटं आत गेलं होतं.

ठरलेल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत गोदामात ही गर्दी! साहेब, हेडक्लार्क, झाडून सगळे कारकून, खात्यातले कामगार. मामा कोट झटकून आले होते. त्यांच्यामागे तो सिंधी सुतार, खांद्यावर नव्या मुद्गलांच्या दोन जोड्या घेऊन. शेड आजच ताब्यात मिळणार, या हिशेबानं दोघं आले होते. मी काट्यावर चढलो. हेडक्लार्कनं दांडीवरचं वजन सरकवलं, मागे घेतलं, पुन्हा सरकवलं आणि ओरडला, "एकशे पंच्याऐंशी!"

आणि जो हशा उसळला! पत्रे हादरले. "तीन पौंड वाढला!" "मामा, बैल काय, रेडा बांधला रेडा!" साहेबांनी डोळे पुसले. मामा मात्र जराही हलले नाहीत. त्यांना हे अपेक्षितच होतं. ते हसतच पुढे आले, दोन्ही हात वर करून लोकांना गप्प केलं आणि मला म्हणाले, "जावईबापू, आता सुतळी काढावी."

सुतळी माझ्या उजव्या खिशात होती. माझा हात खिशात गेला, बोटांना लाखेची गाठ लागली. आणि तेवढ्यात साहेबांनी माझ्या खांद्यावर हात टाकला. सात वर्षांच्या नोकरीत साहेबांनी मला नावानिशी हाकही मारली नव्हती. खांद्यावर हात टाकून ते म्हणाले, "काय रे, मामांनी तुला चांगलंच बनवलं की!" सगळे माझ्याकडे बघत होते. इतकी वर्षं ज्या हसण्याच्या मी पुढ्यात होतो, त्या हसण्यात सामील व्हायची पहिल्यांदाच संधी आली होती. एकटे मामा पलीकडे होते. मी इकडे गेलो. दुसरं काहीही कारण नाही. पुष्कळ वर्षं मी कारणं शोधली, नोकरीचं, बढतीचं, कसलंच नव्हतं. मला फक्त त्यांच्याबरोबर हसायचं होतं.

मी रिकामा हात खिशातून बाहेर काढला आणि म्हणालो, "सुतळी हरवली वाटतं."

एवढ्यावर थांबलो असतो तरी ठीक. पण लोक हसले, म्हणून मला जोर चढला. मी म्हटलं, "साहेब, मामांचा बैल पेंढा खात नाही, माझा पगार खातो! तीन महिने उसळी खाऊन वाढलोय नुसता." पुन्हा पत्रे हादरले. साहेबांनी पाठीवर थाप मारली. देवाशपथ सांगतो, त्या थापेचा मला आनंद झाला.

मामांनी माझ्याकडे बघितलं. म्हणजे तोंडाकडे नव्हे. त्यांची नजर माझ्या कमरेवर आली. पट्ट्याचं टोक वीतभर लोंबत होतं, बकल खिळ्यानं पाडलेल्या भोकात अडकवलेलं होतं. जमिनीचा एक हात इकडचा तिकडे झाला तरी ज्याला लांबून दिसायचं, तो माणूस ते बघत उभा होता. आता हे बोट दाखवणार, पट्टा बघा म्हणणार, आणि भर कारखान्यात माझं तोंड काळं होणार. मामांनी बराच वेळ पाहिलं. मग ते साहेबांकडे वळले आणि म्हणाले, "जावईबापू म्हणतात तर हरवली असेल. मापाशिवाय माझं म्हणणं नाही. शेड राहू द्या." सगळ्यांना त्यांनी नमस्कार केला. सुताराला काही कळलं नव्हतं. "क्या हुआ, साईं?" असं तो विचारत राहिला. मामांनी त्याच्या खांद्यावरची एक जोडी आपल्या खांद्यावर घेतली आणि दोघं फाटकातून बाहेर पडले. मी तेव्हा काय करत होतो? साहेबांनी मागवलेला चहा पीत होतो.

घरी आलो. बायकोनं विचारलं, "झालं?" मी म्हटलं, "वजन वाढलं. नाही मिळाली." तिनं माझ्याकडे बघितलं, तिनंच आत घेतलेल्या पँटकडे बघितलं आणि पान वाढायला घेतलं. आमटी हवी का, भात हवा का, एक शब्द विचारला नाही. तिनं नंतरही मला कधी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी जागा होतो. थाप पडली नाही. ती पुन्हा कधीच पडली नाही. पण मामा बदलले नाहीत हो! दिवाळीला आले, पाडव्याला आले, येताना कळशा घेऊनच आले, मला 'जावईबापू' म्हणाले, शेजाऱ्याच्या घरी बारशाला गेले तर पाळणा मोजला. मला फक्त मोजलं नाही. मी मुद्गल माळ्यावर टाकून दिले. व्यायामाचं नाव काढलं की मला तो चहा आठवायचा. वर्षभरात गंज पहिल्यासारखी रचली गेली आणि पट्टा जुन्या भोकावर आला. रिकाम्या शेडमध्ये सायकली लावायला लागले. माझी सायकलही तिथेच उभी असायची.

पाच वर्षांनी मामांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. तो दंड, ज्याच्यावर चिखलोलीच्या बायकांचे हंडे गेले होते, तो खाटेवर ओल्या पंच्यासारखा पडला होता. सुट्टी काढून मी बदलापूरला गेलो. बायको अगोदरच जाऊन राहिली होती. खिशात सुतळी होती. इतकी वर्षं ती मी ट्रंकेच्या तळाशी ठेवली होती, टाकायची छाती झाली नाही. बायको स्वयंपाकघरात गेली तेव्हा मी ती काढून मामांच्या डाव्या हातात दिली आणि म्हटलं, "मामा, तेव्हा ही खिशातच होती. मी खोटं बोललो."

मामांनी अंगठ्यानं लाखेची गाठ चाचपली. बोलणं जड झालं होतं, पण शब्द कळायचे. "ठाऊक होतं. दोन भोकं. खिळ्याची. दुसरं जरा डावीकडे गेलं होतं."

"मग बोलला का नाहीत? तुमची शेड गेली, मामा!"

मामांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. आत भांड्यांचा आवाज येत होता. "आपल्याला चारचौघांत खोटं पाडलं असतं," ते म्हणाले, "तर आपण घरी जाऊन कुणाकडे बघितलं असतंत? माझ्या भाचीला आपल्या घरी नांदायचं होतं. शेड काय."

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणतात ते मला त्या खाटेशेजारी कळलं. म्हटलं, "उद्या जाऊन साहेबांना सगळं सांगतो."

"कुठले साहेब? त्यांची बदली झाली. सुतारही गेला अहमदाबादेला, मुलाकडे. आता कुणाला सांगता?" मग मामा म्हणाले, "जरा जवळ उभं राहावं."

मी खाटेला टेकून उभा राहिलो. डाव्या हातानं त्यांनी सुतळी माझ्या पोटाभोवती टाकायला घेतली. दुसरा हात चालत नव्हता, तेव्हा ते टोक मी धरलं. सुतळी पुरली नाही. लाखेची गाठ मधे चांगली तीन बोटं लांब राहिली. मामांनी ते अंतर पुन्हा पुन्हा पाहिलं. त्यांच्या तोंडाची एकच बाजू हसली. "उत्तम गंज आहे," ते म्हणाले. "बैल तेवढा नाही."

मी सदरा काढला, दोरीवर टाकला आणि तिथेच जमिनीवर बैठका घालायला लागलो. मामा मोजत होते. पाचव्या बैठकीला गुडघे कुरकुरले, आठव्याला डोळ्यांपुढे काजवे आले. बायको दारात येऊन उभी राहिली, हातात उलथनं तसंच. दहाव्याला मी भिंतीला टेकलो. खाटेवरून जड जिभेनं आवाज आला, "जावईबापू, अजून दोन घालाव्यात. ही विनंती."

घातल्या. मामा त्यानंतर दीड महिना होते, आणि तेवढे दिवस मी रोज सकाळी कामावर जाण्याआधी बदलापूरला जाऊन त्यांच्या खाटेशेजारी बैठका घातल्या. रोज दोन जास्त. शेवटच्या आठवड्यात त्यांना मोजता येत नव्हतं, तेव्हा बायको मोजायची. आता मी मामांच्या त्या वेळच्या वयाचा झालो. लाख कधीच झडून गेली, गाठ आहे. अजून रोज सकाळी सुतळी लावून बघतो, पुरते. पण माझ्याजवळ खरी ठरलेली ही सुतळी ज्या लोकांपुढे काढायला हवी होती, त्यांतलं आता कुणीच उरलेलं नाही, म्हणून तुमच्यापुढे काढली.